लाल रेघेच्या अलीकडे

हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या काचेवर एक लाल रेघ होती. नेलपेंटची, एका दमात ओढलेली; वर जाड, खाली येताना विरळ झालेली. काटा तिच्या अलीकडे थांबला होता. मध्ये तांदळाचा एक दाणा आडवा मावेल एवढी जागा. विशाखाने डोळा काट्याच्या बरोबर समोर आणला. बाजूने पाहिलं की अंतर फसवतं, हे ती अकरावीच्या मुलांना दरवर्षी पहिल्याच प्रात्यक्षिकात सांगायची. समोरून पाहिलं तरी जागा तेवढीच राहिली.

“तिथंच अडतंय,” तिचे वडील साहेबराव मागून म्हणाले. “पहिल्यापासून. तुला फोनवर सांगितलं व्हतं ना?”

सांगितलं होतं. तिला आठवत होतं. त्यांनी बटण बंद केलं, कंप्रेसरची घरघर थांबली. प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड उघडून ते हवेला वाट देणारी आतली जाळी सारखी करू लागले. आत्ताची ही नुसती चाचणी होती. खरं काम चहा झाल्यावर.

बजाजनगरच्या घरामागची ही पत्र्याची शेड साहेबरावांनी निवृत्त झाल्यावर उभी केली होती. वाळूजच्या एका कारखान्यात जन्मभर ओतकामाचे लाकडी साचे घडवलेला माणूस, घरात बसून राहणं त्यांना जमणारं नव्हतं. कल्पना मात्र त्यांच्या धाकट्या भावाची, कचरूची. कचरू उल्हासनगरला फर्निचरच्या धंद्यात होता. लाकडाच्या पातळ पट्ट्यांना गोंद लावायचा, त्या एकावर एक रचून हव्या त्या वळणाच्या साच्यावर वाकवायच्या, सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं आणि आतली हवा ओढून घ्यायची. मग बाहेरची हवाच चहूबाजूंनी दाबते, पट्ट्या आवळून धरणाऱ्या शिकंज्यांची गरज राहत नाही. दोघा भावांनी एकाच सुमाराला एकसारखे प्रेस बांधले. जुन्या फ्रीजचा कंप्रेसर, पितळी नळी, एक गेज. इथला फ्रीज साहेबरावांच्या बायकोचा, भामाबाईंचा होता आणि तेव्हा तो चांगला चालू होता, हे त्या अजून आल्यागेल्याला सांगत.

कचरूने आपला काटा कुठे थांबतो ते फोनवर कळवलं. साहेबरावांनी सुनेकडून नेलपेंट मागून त्या आकड्यावर रेघ ओढली. त्यांचा काटा त्या रेघेला कधी लागला नाही.

आजचं काम त्यांच्या मूळ गावाकडचं होतं, लासूर स्टेशनच्या विहाराचं. बुद्धमूर्तीच्या मागे सागवानी कमान बसवायची होती, लेण्यातल्या चैत्याच्या खिडकीसारखी, वर टोक असलेली. कमान माणसापेक्षा उंच. एवढ्या पट्ट्यांना गोंद लावून तो चिकट व्हायच्या आत सगळं पिशवीत जायला हवं, आणि ते दोन हातांचं काम नव्हतं. म्हणून रविवार धरून घरातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. विशाखा नांदेडहून आली होती.

बोलावण्यामागे आणखी एक गोष्ट होती आणि ती कुणी तोंडाने काढत नव्हतं. विशाखाच्या भावाच्या, राजकुमारच्या कंपनीने त्याची उत्पादनाची लाईन गुजरातला, साणंदला हलवायचं ठरवलं होतं. जायचं असेल त्याने उद्या सकाळी हो म्हणायचं, नसेल त्याने हिशेब घेऊन मोकळं व्हायचं. भीमजयंतीपासून घरात कुणीही विचारलं की राजकुमारचं उत्तर एकच असे. बघू.

चहा पिताना कचरूचा फोन आला. साहेबरावांनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना आता कानाशी नीट ऐकू येत नसे.

“जयभीम दादा. लागला का काटा रेघंला?”

“लागंल की.”

“का एखादा माणूस पाठवू इकडून, जोड मारायला?”

कचरू हसला. शेडमध्ये कुणी हसलं नाही. राजकुमार कप खाली ठेवून बाहेर गेला आणि नळावर उगाच हात धूत राहिला.

सुलेखाने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा बापलेक याच शेडमध्ये एकत्र काम करत होते. रात्री जेवताना राजकुमारच्या केसांत भुसा असायचा आणि तो लाकडाबद्दल बोलायचा, ते तिला तेव्हा कंटाळवाणं वाटायचं. पिशवीचे सगळे जोड त्यानेच मारले होते. दोन प्लास्टिकच्या कडा एकावर एक धरून, गरम इस्त्रीने, बोटभर रुंदीची पट्टी वितळवत. त्याने ते काम तिला हौसेने दाखवलं होतं. मग काटा रेघेला लागेना. मग शहागंजातल्या एका व्यापाऱ्याची दाराची कमान, बसवून महिना व्हायच्या आत, पट्ट्यांचे पदर सुटून उघडी पडली. गिऱ्हाईक दारात उभं असताना सासरे म्हणाले होते, जोड गळतोय, याच्या हाताला कामाची कळ नाय. याने कंपनीत जावं, तिथं मशीन चूक झाकून घेतं.

राजकुमार कंपनीत गेला. कंत्राटावर लागला, पुढे कायम झाला. त्यानंतर तो शेडमध्ये सामान उचलायला यायचा, पत्रा ठोकायला यायचा, पण पिशवीला त्याने हात लावला नाही. सुलेखाला साणंदला जायचं होतं. मुलीची, श्रेयाची शाळा बदलावी लागली तरी चालेल, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. तिला कळत नव्हतं ते एवढंच की ज्या घरात त्याला असं बोलून घेतलं, त्या घरासाठी हा माणूस बघू बघू का करतोय.

ती नळापाशी गेली. “उद्याचं काय ठरवलं?”

“बघू,” राजकुमार म्हणाला आणि हात पुसून आत आला.

येताना त्याने खिशातून एक छोटा पितळी व्हॉल्व्ह काढला. हवा एकाच दिशेने जाऊ देणारा. एवढं मोठं काम आहे आणि मध्येच लाईट गेली तर कंप्रेसरच्या वाटेनं हवा उलटी आत शिरेल, असं तो मान खाली घालून म्हणाला, आणि वडिलांच्या होकाराची वाट न पाहता नळीत तो बसवू लागला. साहेबरावांना ते आवडलं नाही. जिथं पिशवीच गळते तिथं नळीला कुलूप लावून काय होणार, असं ते भामाबाईंना म्हणाले, पण एवढ्या हळू नाही की ते राजकुमारला ऐकू जाऊ नये.

मग कामाला सुरुवात झाली. सुलेखा रोलरने गोंद फिरवत होती, भामाबाई पट्ट्या क्रमाने पुढे करत होत्या, बापलेक साच्याच्या दोन टोकांना उभे राहून पट्टी मधून दाबत, वाकवत खाली आणत होते. त्या दोघांमध्ये बोलणं जवळजवळ नव्हतं. लागतही नव्हतं. साहेबरावांनी अंगठा किंचित उचलला की राजकुमार पट्टी केसभर सरकवायचा. विशाखा हे पाहत राहिली. इतकी वर्षं हात लांब राहूनही ते एकमेकांना विसरले नव्हते.

“तू काट्यापाशी थांब,” साहेबरावांनी तिला सांगितलं. “मास्तरीण तू. आकडा तुलाच कळंल.”

सगळं पिशवीत गेलं, तोंड बंद झालं, कंप्रेसर सुरू झाला. प्लास्टिक आधी सुरकुतलं, मग आवळत गेलं, आणि थोड्या वेळाने साच्याची प्रत्येक कड त्यातून उठून दिसू लागली. भामाबाईंना हे बघायला आवडायचं. कुणीतरी आतून श्वास ओढून धरल्यासारखं दिसतं, असं त्या म्हणायच्या.

काटा चढला आणि रेघेच्या अलीकडे थांबला. दाणाभर अलीकडे.

साहेबराव ब्रश आणि साबणाच्या पाण्याचं भांडं घेऊन आले. हे ते दरवेळी करत. जिथून हवा शिरते तिथे फेस आत ओढला जातो. त्यांनी तोंडाच्या पट्टीवर पाणी लावलं नाही, नळीपाशी लावलं नाही. ते सरळ लांबच्या कडेला गेले, राजकुमारने मारलेल्या जोडाकडे, आणि गुडघे टेकून त्याला कान लावला. आपल्याला कमी ऐकू येतं हे अशा वेळी त्यांच्या लक्षात राहत नसे.

राजकुमार साच्याच्या पलीकडे उभा होता. वडिलांचा पांढरा, घामाने ओला झालेला माथा त्याला वरून दिसत होता. तो जोड त्याला पाठ होता. सुरुवातीला इस्त्री जरा जास्त तापली म्हणून पहिल्या वितीत प्लास्टिक पिवळसर झालेलं, नंतर रंग सारखा. रात्रपाळीवरून येताना स्कूटरवर त्याने तो जोड मनातल्या मनात पुन्हा पुन्हा तपासला होता. कुठे हात हलला असेल, कुठे कड नीट पुसली नसेल. सापडलं असतं तर बरं झालं असतं. चूक सापडली की माणूस ती मान्य करून पुढे जाऊ शकतो.

त्याच क्षणी लाईट गेली.

कंप्रेसर थांबला. पंखा मंद होत होत थांबला. शेजारच्या खोल्यांमधल्या पोरांनी गॅलरीत येऊन महावितरणच्या नावाने ओरडून घेतलं. साहेबराव धडपडत उठले. पट्ट्या सुटणार, गोंद असाच वाळणार, लासूरवाल्यांना काय तोंड दाखवणार, असं ते एकामागून एक म्हणत होते. सुलेखा आणि भामाबाई दोन्ही हातांनी पिशवी वरून दाबू लागल्या. त्या दाबाने काही होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण हात सोडवेनात.

“थांबा,” विशाखा म्हणाली. “काटा खाली येत नाही.”

कुणी लक्ष दिलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. मग राजकुमार तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि दोघं भावंडं गेजकडे पाहू लागली. तापलेला पत्रा तडकल्याचा आवाज आला. काटा जिथे होता तिथेच होता. सुलेखाने पिशवीवरचे हात काढले. भामाबाईंनीही काढले. प्लास्टिक तसंच ताणलेलं राहिलं.

एखादं उत्तर समोर यावं आणि त्याच्या आधीचा प्रश्नच चुकला होता असं कळावं, तसं विशाखाला झालं. पिशवी गळत असती तर कंप्रेसर थांबल्यावर काटा पडला असता. आजवर तो पडत आला होता, पण हवा पिशवीतून शिरत नव्हती, थांबलेल्या कंप्रेसरमधून उलटी येत होती. आज ती वाट राजकुमारने बंद केली. पिशवी पक्की होती. मग काटा रेघेला का लागत नाही? आणि ती रेघ कुठली आहे, हे तिला पहिल्यांदा नीट दिसलं. ती उल्हासनगरची होती.

तिच्या वर्गात पाऱ्याचं वायुभारमापक भिंतीला टांगलेलं होतं. समुद्रसपाटीला पाऱ्याचा खांब किती, उंचावर गेलं की तो किती उतरतो, हे तिने किती तुकड्यांना शिकवलं असेल. काटा अडतोय म्हणून दादांचा, तिच्या वडिलांचा, फोन आला तेव्हा ती पेपर तपासत होती. कानाशी खांद्याने फोन धरून, हातातला पेपर खाली न ठेवता, ती म्हणाली होती, हवा कुठूनतरी शिरत असणार दादा, जोड तपासा.

जोड हा शब्द तिचा होता.

तिने सांगायला सुरुवात केली. कचरूकाका राहतात ते खाडीच्या बाजूला, जवळजवळ समुद्राच्या पातळीला. आपण कसारा घाट चढून वर येतो, हे सगळं पठार उंचावर आहे. जितकं उंच, तितका डोक्यावरचा हवेचा थर कमी. पिशवीला दाबते ती बाहेरची हवा, आणि ती इथे तिकडच्यापेक्षा हलकी. तिकडे पाऱ्याचा खांब जिथवर चढतो त्याच्या दोन-अडीच बोटं खाली तो इथे थांबतो.

“म्हणजे?” साहेबराव म्हणाले.

“म्हणजे काटा त्या रेघेला लागणारच नव्हता, दादा. कुणीही जोड मारला असता तरी.”

साहेबरावांना समजलं नाही असं नाही. त्यांना पहिल्याच वाक्याला समजलं होतं. धातू ओतला की थंड होताना आक्रसतो, म्हणून साचा मुळात थोडा मोठा करावा लागतो, प्रत्येक धातूला वेगळा. ज्या धातूचं माप त्याच धातूला वापरायचं, हे त्यांनी हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला शिकवलं होतं. दुसऱ्या गावचं माप आपण इथं लावलं. ते स्टुलावर बसले. साबणाच्या पाण्याचं भांडं अजून हातात होतं.

आणि शहागंजची ती कमान. ती का उकलली, हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी सुटलेला पदर हाताने दाबून पाहिला होता. लाकूड आतून ओलसर होतं. व्यापाऱ्याला घाई होती, त्यांनी ते सुकू दिलं नव्हतं. पण समोर काटा होता, आणि काटा जोडाकडे बोट दाखवत होता. पोरगा काही बोलला नाही. बोलला असता, भांडला असता, तर कदाचित त्यांनीही लाकडाचं सांगितलं असतं. मग एक आठवडा गेला, मग त्याला कंपनीचा पगार आला, आणि मग ती गोष्ट काढण्याजोगी राहिली नाही.

“मीच म्हटलं होतं फोनवर, जोड तपासा,” विशाखा म्हणाली.

“तू नांदेडला व्हतीस. तू म्हटलं,” साहेबराव म्हणाले. “मी इथं व्हतो.”

लाईट आली. कंप्रेसर घरघरला. काटा जागचा हलला नाही. सुलेखाने साडीच्या पदराने कपाळ पुसलं आणि आधी नवऱ्याकडे, मग सासऱ्यांकडे पाहिलं. तिला राग येईल असं तिला वाटलं होतं. पण स्टुलावर बसलेला तो म्हातारा एवढा लहान दिसत होता की राग कुणावर काढायचा हे तिला सुचेना.

भामाबाई सगळ्यांच्या मागे, दाराशी उभ्या होत्या. पाऱ्याचं, समुद्राचं त्यांना फारसं कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही. त्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. संसार झाला तेवढ्या काळात हा माणूस कुणाला चुकलो म्हणाला नव्हता. विहारात पंचशील म्हणताना आवाज सगळ्यांत मोठा, घरात मात्र या एका शब्दाला दात घट्ट. त्या वाट पाहत राहिल्या.

साहेबराव उठले. भांडं खाली ठेवलं. लांबच्या कडेला जाऊन त्यांनी जोडावरचा साबणाचा फेस पंजाने पुसून काढला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. ओला हात विजारीला पुसला.

“जोड पक्का व्हता, राजू,” ते म्हणाले. “तुझा जोड पहिल्या दिवसापासून पक्का व्हता.”

राजकुमारने मान हलवली.

“लाकूड ओलं व्हतं,” साहेबराव पुढे म्हणाले. आवाज एकदम खाली गेला. “शहागंजवाल्याचं. मला ठावं व्हतं.”

हे कुणालाच माहीत नव्हतं. भामाबाईंनाही नाही. सुलेखाने तोंड फिरवलं. विशाखाने बापाकडे पाहिलं आणि लगेच गेजकडे पाहू लागली, जणू आकडा बदलला असावा.

राजकुमार मात्र तसाच उभा राहिला. पिशवीवर हात ठेवून. पिवळसर पडलेल्या त्या पहिल्या वितीवर त्याची बोटं होती. त्याचा चेहरा बदलत गेला. खांद्यावरून मोठं ओझं खाली ठेवल्यावर माणूस काही वेळ रिकाम्या हातांकडे बघत राहतो, तसा तो दिसत होता.

भामाबाईंना वाटलं, झालं. आता तो राहील. एवढ्यासाठीच तर अडलं होतं. मनातल्या मनात त्यांनी पुढच्या खोलीतलं कपाट हलवलंसुद्धा, श्रेयाच्या अभ्यासाच्या टेबलासाठी. साहेबरावांनाही तेच वाटलं असावं, कारण ते लेकाकडे न बघता, घाईघाईने बोलू लागले. विहाराचं काम झालं की गावाकडून अजून दोन कामं येणार आहेत. एकट्याने आता निभत नाही, हात कापतात. शेड तू सांभाळ. पिशवी नवी करायची तर नवी कर, तुझ्या मनासारखी. मी नुसता बसून राहीन, बोलणार नाय.

“दादा आता बोलणार नाहीत म्हणे,” विशाखा म्हणाली. तिने हसून म्हणायचा प्रयत्न केला.

राजकुमार थोडा हसला. कितीतरी दिवसांनी तो या शेडमध्ये हसला होता. खिशातून रुमाल काढून त्याने गेजची काच पुसली. रेघ नखाने खरवडावी असं त्याच्या मनात आलं असावं. नख तिच्यापर्यंत नेलं आणि मागे घेतलं. मग तो वडिलांसमोर आला, त्यांना नीट ऐकू यावं म्हणून जवळ आला, आणि भामाबाईंना त्याच्या पावलांतच ते कळलं. ज्या एका वाक्यासाठी तो इतकी वर्षं या दाराशी थांबला होता ते त्याला मिळालं होतं.

“कमान उद्या सकाळी पिशवीतून काढू आपण दोघं,” तो म्हणाला. “कडा मी साफ करून देतो. मग कंपनीत जाऊन सांगून येतो.”

“काय सांगतो?” भामाबाईंनी विचारलं. उत्तर ठाऊक होतं, तरी कुणीतरी विचारायला हवं होतं.

त्याने आईकडे पाहिलं नाही. वडिलांचा ओला, साबणाचा वास येणारा हात त्याने आपल्या हातात घेतला होता.

“दादा, मी साणंदला जातोय.”